एक्स-रेच्या मशीनमधला सर्व्हर

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या हॉस्पिटलचा स्टोअरकीपर गावंडे हळद-कुंकवाचं ताट आणि झेंडूचे हार घेऊन माझ्या खोलीत आला. दरवर्षी तो भूलयंत्रापासून गवत कापायच्या कातरीपर्यंत सगळ्यांची पूजा करायचा, आणि कॉम्प्युटर विभाग त्याच्या फेरीत शेवटचा असायचा.

"साहेब, नवा सर्व्हर कोणता हाय? बाकीच्याइले हार घालून झाले."

"तो इथं नाही गावंडे. एक्स-रेच्या मशीनमध्ये आहे."

"आतमंधी?"

"हो, आतमध्ये."

गावंडे एक्स-रे विभागात जाऊन आला. "तिथं तं एकच डबा हाय," तो म्हणाला.

"त्या एका डब्यात दोन आहेत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करणारा माणूस नाही, हे त्याला ठाऊक होतं. "मंग दोन हार घालतो," म्हणाला आणि गेला. आमच्या धंद्यातली ही गोष्ट इतक्या लवकर पटवून घेणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

मी यवतमाळात जन्मलो आणि इथेच निवृत्त झालो. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, तेव्हा मीही टेबल-खुर्चीचंच काहीतरी करणार हे घरात गृहीत होतं; फक्त माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला. सुरुवातीची काही वर्षं मी एका दुकानातर्फे गावोगाव मशीन बसवत फिरलो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक जिनिंग होतं. तिथला सर्व्हर सारखा तापून बंद पडायचा. मी त्याचं झाकण उघडलं तर आत रुईचा गाला तयार झालेला, पंखा त्यात रुतून बसलेला. मालक माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "पुराणिकजी," ते म्हणाले, "आम्ही याले कापसाचा हिशेब ठेवाले आणलं होतं, हे तं कापूसच खाऊन राह्यलं." पुढे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागप्रमुख म्हणून लागलो आणि तिथेच स्थिरावलो. विभाग म्हणजे मी आणि नंतर आलेली सुनंदा राठोड.

सर्व्हर म्हणजे काय, हे नातेवाईक मला अजून विचारतात. हॉस्पिटलात टेबलाटेबलावर कॉम्प्युटर असतात, पण त्यांच्यात माहिती नसते. माहिती एका मोठ्या मशीनमध्ये असते, आणि बाकीचे सगळे तिला विचारतात. ते मोठं मशीन म्हणजे सर्व्हर. आता एकाच मशीनच्या पोटात दुसरं मशीन कसं राहतं? एखाद्या मोठ्या वावरात धुरे, म्हणजे बांध, घालून तिघांनी आपापलं पेरावं, तसं. माती एकच, विहीर एकच, पण प्रत्येकाचं पीक वेगळं आणि एकाचा बैल दुसऱ्याच्या पिकात जात नाही. फरक इतकाच, की आत राहणाऱ्या मशीनला धुऱ्यापलीकडचं काही दिसतच नाही. आपल्या वाट्याचं वावर म्हणजेच सगळी दुनिया, असं ते समजतं. याला आभासी मशीन म्हणतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हॉस्पिटल भरलेलं असताना ते उभं करून दाखवलं सुनंदाने.

सुनंदा नेरकडच्या एका बंजारा तांड्यावरची. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, कॉलेजात इंग्रजी, अशा तीन भाषा तिच्या तोंडात बसलेल्या. पुसदला शिकून इंजिनिअर झाली आणि आमच्याकडे आली. मुलाखतीत मी विचारलं होतं, "इथं पगार कमी आहे, काम मोठं नाही. कशाला येता?" ती म्हणाली, "काम मोठं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी तिला तिथेच निवडून टाकलं.

ती बोंडअळीची वर्षं होती. कपाशीचं पीक छातीपर्यंत वाढायचं, त्यात शिरून माणसं फवारणी करायची. तोंडाला रुमाल, पाठीवर पंप, वारा फिरला की औषध अंगावर. पोळा झाला की आमच्या मेडिसिन वॉर्डात विषबाधेचे रोगी येऊ लागायचे. गावंडेने दोन हार घातले त्या वर्षी ते इतके आले की खाटा संपून गाद्या जमिनीवर आल्या. यवतमाळच्या आसपासचेच नव्हे, पार उमरखेडकडचेही. बरेचसे रोजाने फवारायला गेलेले. कोणाला दिसत नव्हतं, कोणाला श्वास घेता येत नव्हता, कोणी बरळत होतं.

अशा दिवसांत एके सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि आमच्या सर्व्हरमधून जळका वास आला. मी तो उघडून पाहिला. मदरबोर्ड गेला होता. कंपनीला फोन केला. माणूस गोड बोलला, पण सुटा भाग नागपूरलाही नव्हता. मुंबईहून मागवावा लागेल म्हणाला.

एरवी हॉस्पिटल कागदावर चालतंच. पण त्या गर्दीत कागद पुरेनासा झाला. एरवी रक्ताचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून थेट वॉर्डातल्या पडद्यावर यायचा, रोग्याच्या नावासमोर, वेळेसकट. आता चिठ्ठ्या घेऊन माणसं जिने चढू-उतरू लागली. दुपार व्हायच्या आत प्रकाश नावाच्या एका रोग्याची चिठ्ठी दुसऱ्या प्रकाशच्या उशाशी पोचली. वॉर्डातल्या मेश्राम सिस्टरांनी ती पकडली, म्हणून निभावलं. त्यांनी मला फोन केला. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "पुराणिक सर," त्या म्हणाल्या, "एक मी पाहिली. सगळ्या मीच पाहीन याचा भरोसा नाही."

मी फोन ठेवला तेव्हा सुनंदा समोर उभी होती.

"सर, एक्स-रेचं मशीन."

एक्स-रे विभागात नवं, दणकट मशीन आलं होतं; एक्स-रे काढायचं नव्हे, त्याच्या शेजारचा कॉम्प्युटर. एक्स-रेची चित्रं त्यात साठायची. त्याची ताकद कामापेक्षा कितीतरी जास्त होती.

"त्यातली चित्रं पुसायची म्हणतेस?"

"पुसायची कायले? त्याच्यात आपला सर्व्हर उभा करते. चित्रं जागच्या जागी राह्यतीन."

"कधी केलं आहेस?"

"घरच्या लॅपटॉपवर केलं. लय खेप."

"हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटलात कोणीच नाही केलं, सर. आपल्याकडे पहिली खेप आहे."

आम्ही अधीक्षक डॉ. काळमेघांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक्स-रेचे डॉ. देशमुख यांना बोलावलं. देशमुख तापले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "माझ्याकडे मोडलेली हाडं येतात," ते म्हणाले. "एक मशीन बंद पडलं म्हणून दुसऱ्याला त्याच्या गळ्यात बांधायचं, आणि दोन्ही बुडवायची?"

सुनंदाने त्यांना तोडलं नाही. ते थांबल्यावर म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या चित्रांची एक प्रत आधी वेगळ्या डिस्कवर घेते. ती तुमच्या हातात देते. मग मशीनला हात लावते. आणि पूर्ण वेळ तुम्ही माझ्यामागे उभे राहा. तुम्ही थांब म्हटलं की थांबते."

देशमुखांनी काळमेघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी खरंच उभा राहीन," ते म्हणाले.

आणि खरंच राहिले. प्रत घेतलेली डिस्क त्यांनी ॲप्रनच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

कागदावर सोपं होतं. मोठ्या मशीनच्या स्मृतीतला एक वाटा, डिस्कमधला एक वाटा, नेटवर्कची एक वाट, एवढं ठरवून दिलं की आभासी मशीन तयार. मग त्यात सर्व्हरची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, घालायची, जशी नव्या मशीनमध्ये घालतात तशीच. सुनंदाने वाटे ठरवले, सुरू करायचं बटण दाबलं, आणि मशीनने साफ नकार दिला. पडद्यावर एक ओळ आली आणि आभासी मशीन जागचं हललं नाही.

 सुनंदा ती ओळ दोनदा वाचून म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. कारखान्यातून येतानाच आतली परवानगी बंद असते. मशीन बंद करून, सुरू होतानाच ती उघडावी लागते." मागे वळून तिने देशमुखांना विचारलं, "टेबलावर कोणी आहे का?"

होता. मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस, मांडीचं हाड मोडलेला.

"त्याचं होऊ द्या," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

बाहेर काळमेघांचा निरोप्या दुसऱ्यांदा येऊन गेला होता. वॉर्डात चिठ्ठ्या फिरत होत्या. तिच्या जागी मी असतो तर त्या माणसाला थांबवलं असतं, निदान थांबवावं असं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. त्याच्या मांडीची चित्रं निघाली, साठली, देशमुखांनी पाहिली, तेव्हा कुठे तिने मशीन बंद केलं. परत सुरू होताना एक कळ दाबून मशीनच्या मूळ मांडणीच्या पडद्यात शिरली, परवानगी उघडली, बाहेर आली. या वेळी आभासी मशीन उठलं. काळ्या चौकटीत कार्यप्रणालीचं नाव आलं आणि देशमुख नकळत एक पाऊल पुढे सरकले.

कार्यप्रणाली बसवताना मशीन नव्या नवरीसारखं लाजत नाही. एकामागून एक प्रश्न विचारतं. भाषा कोणती, कळफलक कोणता, नाव काय ठेवू, पासवर्ड काय. सुनंदा उत्तरं देत गेली. मग एक प्रश्न आला, आणि देशमुखांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब."

तिने हात उचलले.

"इथं लिहिलंय, पूर्ण डिस्क पुसली जाईल. आहे ते सगळं जाईल. हो की नाही, विचारतंय."

तसंच लिहिलं होतं. मी ते वाक्य आयुष्यात शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्या दिवशी ते शब्दन् शब्द वाचलं. त्या मशीनमध्ये गावोगावच्या माणसांची हाडं होती.

"डॉक्टर," सुनंदा म्हणाली, "ते खरं बोलून राह्यलं. पण त्याला पूर्ण डिस्क म्हणजे मी दिलेला वाटा वाटतो. त्याच्या वर लिहिलेला आकार वाचा. आता तुमच्या पूर्ण डिस्कचा आकार आठवा."

देशमुख चष्मा वर सारून वाकले. दोन आकड्यांत मोठं अंतर होतं.

"म्हणजे याला माझी चित्रं दिसतच नाहीत?"

"आहेत हेच माहीत नाही त्याला."

त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग सरळ झाले. "दाब," म्हणाले.

तिने दाबलं. पडद्यावर निळी पट्टी आली आणि गोगलगाईसारखी सरकू लागली.

आमच्या धंद्यातला बराचसा जन्म त्या पट्टीकडे पाहण्यात जातो. पाहून ती भराभर पळत नाही, हे कळतं, तरी आपण पाहतो. मी पाहत बसलो. देशमुखही पाहत होते. सुनंदा उठली.

एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. अंगावर आरशांची जुनी चोळी, हातभर बांगड्या. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ती काही विचारत होती आणि लोक मान हलवून पुढे जात होते. आम्ही आत गेलो तेव्हाही ती तिथेच होती. मला तिची बोली कळली नव्हती. सुनंदाला कळली होती. काम हातात होतं तोवर ती थांबली, आणि हात मोकळा झाल्याबरोबर बाहेर जाऊन तिच्यापुढे उकिडवी बसली.

"याडी," तिने हाक मारली. याडी म्हणजे आई.

म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. "मार छोरा कत छ?"

माझा पोरगा कुठं आहे, एवढंच ती सकाळपासून विचारत होती. तिचं नाव जमनाबाई. मुलगा गोविंद दुसऱ्याच्या वावरात फवारणीला गेला होता, तिथे कोसळला. बरोबरच्या माणसांनी मिळेल त्या जीपमध्ये घालून आणला आणि भरती करून परत गेले. ही मागून एसटीने आली. नावनोंदणीच्या खिडकीत विचारलं, तर पडदे बंद. एरवी नाव सांगितलं की वॉर्ड आणि खाट समोर यायची.

"सर, पट्टीकडे लक्ष ठेवा," सुनंदा मला म्हणाली. "काही विचारलं तर मले फोन करा, तुम्ही दाबू नका." आणि म्हातारीचा हात धरून ती मेडिसिन वॉर्डाकडे निघाली.

पुढचं मला मेश्राम सिस्टरांनी सांगितलं. दोघी खाटेखाटेने गेल्या. तिथली माणसं ओळखू येण्यासारखी राहिली नव्हती. चेहरे सुजलेले, नळ्या लावलेल्या. म्हातारी प्रत्येकाजवळ वाकायची आणि मान हलवायची. खाटा संपल्या. जमिनीवरच्या गाद्या संपल्या. मग व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीखाली एक गादी राहिली होती. म्हातारीने चेहरा पाहिलाच नाही. पांघरुणातून बाहेर आलेला पाय पाहिला आणि तिथेच खाली बसली. गोविंदला शुद्ध होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्याने हात चाचपडत वर केला आणि तिच्या बांगड्यांवर ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "बांगड्यांवरून ओळखलं त्याने."

सुनंदा परत आली तेव्हा पट्टी शेवटाला आली होती. "सापडला का?" मी विचारलं. "सापडला," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.  मग डोळे ओढणीला पुसून कामाला लागली.

कार्यप्रणाली बसली. आदल्या संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर घेतलेली माहितीची प्रत त्यात ओतली. हॉस्पिटलचा प्रोग्राम चालू केला, वॉर्डातल्या कॉम्प्युटरांना नव्या सर्व्हरचा पत्ता दिला. पडद्यावर रोग्यांची नावं दिसू लागली तसे काळमेघ स्वतःच खाली आले. "चालू झालं ना? मग खोला सगळ्यांना."

"नाही सर," सुनंदा म्हणाली. "एक रिपोर्ट पाठवून पाहते."

"ती नावं दिसतात की."

"नावं दिसतात. रिपोर्ट कसा दिसतो ते पाहू."

"सुनंदा, वर माणसं तळमळताहेत," मीही म्हणालो.

तिने आमच्या दोघांकडे पाहिलं. "म्हणूनच, सर."

तिने प्रयोगशाळेला फोन करून एक खोटा रिपोर्ट पाठवायला सांगितला. तो क्षणात वॉर्डाच्या पडद्यावर आला. नाव बरोबर, आकडे बरोबर. काळमेघ "झालं" म्हणणार, एवढ्यात ती पडद्याजवळ वाकली.

"वेळ पाहा."

दुपार कलली होती. रिपोर्टवरची वेळ सकाळची होती, आमचा जुना सर्व्हर जळाला त्याच्याही आधीची.

 कारण सुनंदानेच सांगितलं. "माझ्या हातून राह्यलं. बसवताना देश विचारत होतं. तो मी नाही बदलला. हे मशीन विलायतेच्या घड्याळावर चालू आहे."

काळमेघ खुर्चीत बसले. ते जुने, मुरलेले डॉक्टर. विषबाधेच्या रोग्याला औषध किती द्यायचं ते त्याच्या बाहुल्या, नाडी, घाम पाहून ते ठरवत, पण रक्ताचा रिपोर्ट आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, यावरून रोगी वर चाललाय की खाली, हे त्यांना कळायचं. "हा रिपोर्ट मी शिळा म्हणून बाजूला सारला असता," ते हळू म्हणाले. "आणि सकाळचा खरा धरून बसलो असतो."

सुनंदाने घड्याळ भारताचं केलं. पुन्हा एक खोटा रिपोर्ट मागवला, मग आणखी एक, मग वेगळ्या वॉर्डात एक. घाई कर, असं तिला कोणीच म्हणालं नाही. काळमेघ खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. शेवटी तिने खोटे रिपोर्ट पुसले, सगळी टेबलं उघडली आणि वर फोन लावला. "सिस्टर, बघा बरं. आलं का?"

"आलं," पलीकडून मेश्राम सिस्टर म्हणाल्या. "सगळे आलेत."

देशमुखांनी खिशातली डिस्क काढली आणि तिच्यासमोर धरली. "ही आता माझ्याकडेच ठेवतो," ते म्हणाले. "पण उद्या पुन्हा घ्यायला लावशील, होय ना?" ती हसली. त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली असावी.

त्या मोसमात आमच्याकडून काही माणसं घरी गेली नाहीत. काहींची नजर पूर्ण परतली नाही. सर्व्हर चालू होता म्हणून सगळे वाचले, असं मी म्हणणार नाही. वाचवलं डॉक्टरांनी, सिस्टरांनी. पण त्यानंतर एकही चिठ्ठी चुकीच्या उशाशी गेली नाही, हे मी छातीठोक सांगतो. नवं मशीन आल्यावरही आमचा सर्व्हर बरेच दिवस एक्स-रेच्या पोटातच राहिला. देशमुख त्याला 'आमचा पाहुणा' म्हणायचे आणि मुक्काम वाढला तर चालेल म्हणायचे. सुनंदा आता नागपुरात एका मोठ्या ठिकाणी आहे, जिथे असली मशीन शेकड्याने उभी करतात. ती आणखी काही वर्षं आमच्याकडे राहायला हवी होती, असं मला आजही वाटतं. पण तिला अडवायचं कोणत्या तोंडाने?

गोविंदला घरी सोडायचं होतं त्या दिवशी जमनाबाई त्याला घेऊन आमच्या खोलीत आली. तो काठी धरून चालत होता. दिसत होतं, पण पुसट. सुनंदाने त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. म्हातारीने सुनंदाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग खोलीभर नजर फिरवली, पंखे घरघरणारे डबे पाहिले, आणि मोडक्या वऱ्हाडीत मला विचारलं, "ही पोरगी इथली साहेब हाय का?"

आमच्या विभागात दोन माणसं होती. नेमणुकीच्या कागदावर प्रमुख मी होतो आणि ती माझी सहायक. सुनंदा काही बोलायला लागली, पण मी आधी बोललो.

"हो याडी. हीच इथली साहेब."

सुनंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गोविंदच्या खांद्यावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "सर, यांची बस आहे. दोन चहा सांगता का?"

मी सांगायला उठलो.